तुटलेल्या संपर्काचे निदान : तारायंत्र ते लिनक्स संगणक
(विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

प्रस्तावना

दळणवळणाचा इतिहास लिहिताना सामान्यतः आगमनाच्या तारखांना महत्त्व दिले जाते. अमुक गावी तार केव्हा आली, दूरध्वनी केंद्र कोणत्या वर्षी सुरू झाले, इंटरनेटची जोडणी कधी मिळाली, अशा नोंदींवर प्रकरणे उभी राहतात. या नोंदी आवश्यक आहेतच. परंतु आलेली तार पुढे किती दिवस चालू राहिली, ती बंद पडली तेव्हा बिघाड कोठे आहे हे कोणी शोधले आणि शोधण्याचे साधन कोणाच्या हाती होते, हे प्रश्न त्यांतून निसटतात. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या प्रदेशाच्या बाबतीत तर ते अधिकच मोलाचे ठरतात. कारण अशा प्रदेशात संपर्क उशिरा येतो आणि वारंवार तुटतो.

वाशीम जिल्ह्यात आज कोणत्याही शासकीय खिडकीपाशी गेल्यास दोन शब्द हमखास ऐकू येतात : ‘सर्व्हर डाउन’. सातबाराचा उतारा असो, पीकविम्याचा अर्ज असो वा रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटविणे असो, काम अडले की हेच कारण सांगितले जाते. वस्तुतः हे निदान नव्हे. सर्व्हर म्हणजे सेवा पुरविणारा दूरचा संगणक. तो अनेकदा व्यवस्थित चालू असतो आणि दोष टेबलाखालच्या केबलीत, भिंतीवरच्या स्विचमध्ये किंवा रस्त्याच्या कामात तुटलेल्या तंतुवाहिनीत असतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरून आलेल्या शेतकऱ्याला मात्र हा भेद कळण्यास मार्ग नसतो. बिघाड कोठे आहे हे न कळल्यामुळे दाद कोणाकडे मागावी हेही त्याला कळत नाही.

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचा जाळ्याशी असलेला संपर्क तुटल्यास त्याचे निदान कसे केले जाते, या पद्धतीमागे कोणता इतिहास आहे आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात तिचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. तारायंत्राच्या काळापासून बिघाडाचे निदान हा दूरच्या कार्यालयाचा अधिकार राहिला. तो अधिकार, निदान अंशतः, जोडणीच्या शेवटच्या टोकाशी बसलेल्या माणसाकडे आला तो खुल्या साधनांमुळे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मुख्य मार्गापासून दूर

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला. ब्रिटिश अमदानीत बासीम या नावाने ते वऱ्हाडातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. १९०५ च्या पुनर्रचनेत तो जिल्हा मोडला. त्याचा पुसद तालुका यवतमाळकडे गेला, तर वाशीम व मंगरूळ अकोल्यात समाविष्ट झाले. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाले. मधली ९३ वर्षे या भागाचे मुख्यालय दुसरीकडे होते, आणि मुख्यालय जेथे असते तेथेच तारेची, दूरध्वनीची व पुढे संगणकाची जाणकार माणसे राहतात, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ पर्यंत पूर्ण झाला. तो शेगाव, अकोला, बडनेरा असा पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. त्या काळी लोहमार्ग आणि तारमार्ग बहुधा जोडीने जात. वाशीम या मार्गापासून सुमारे ८० किलोमीटर दक्षिणेस, घाट चढून पठारावर आहे. खांडवा–हिंगोली मीटरमापी मार्गाने वाशीम लोहमार्गावर आले ते स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास. आणि अकोला–पूर्णा मार्गाचे रुंदमापीत रूपांतर पूर्ण व्हायला २००८ उजाडले. मुख्य वाहिनीला फुटलेल्या शाखेच्या टोकाशी असणे, हे या भागाच्या दळणवळणाचे कायमचे लक्षण राहिले आहे.

तारमास्तराचे निदान

भारतात विजेच्या तारेचा पहिला प्रयोग १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ डॉ. विल्यम ओशॉनेसी या शल्यचिकित्सकाने केला. १८५१ मध्ये कलकत्ता–डायमंड हार्बर मार्ग उभा राहिला आणि १८५५ पासून तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. ओशॉनेसीने आरंभी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली. इथले वारे, पाऊस आणि तारेवर बसणारे प्राणी-पक्षी यांचा विचार युरोपातील पुस्तकांत नव्हता. बिघाडाचा विचार रचनेतच करावा लागतो, याचे हे भारतातील आरंभीचे उदाहरण होय.

तारमार्गावरील दोष मुख्यत्वे तीन प्रकारचे मानले जात. पहिला, तार तुटणे. दुसरा, तार जमिनीला लागणे, म्हणजे फुटलेल्या विलगकामुळे, झाडाच्या ओल्या फांदीमुळे किंवा कललेल्या खांबामुळे वीज वाटेतच जमिनीत उतरणे. तिसरा, शेजारच्या दोन तारा एकमेकींना लागणे. प्रत्येकाचे लक्षण वेगळे असे. तार तुटली तर ठाण्यावरील विद्युत्मापकाची सुई हालत नसे; जमिनीला लागली तर ती नेहमीपेक्षा अधिक हाले; आणि दोन तारा लागल्या तर भलत्याच ठाण्याचा मजकूर आपल्या यंत्रावर उमटू लागे. येथे तारमास्तराचे काम वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे होते. दोष डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या परिणामावरून त्याची जागा ठरवायची असते.

जागा ठरविण्याची सोपी रीत अशी : जवळच्या ठाण्यापासून आरंभ करून प्रत्येक मधल्या ठाण्याला क्रमाने तार जमिनीला जोडावयास सांगावयाचे. जेथपर्यंत सुई उत्तर देते तेथपर्यंत तार शाबूत. जेथून उत्तर येईनासे होते त्याच्या अलीकडच्या टप्प्यात दोष. मग त्या दोन ठाण्यांमधील मार्गावर लाइनमन धाडावयाचा. यातील अडचण उघड आहे. मधल्या ठाण्याला सूचना देण्याचे साधनही तीच तार, आणि तीच तुटलेली. म्हणून जवळून दूर जाण्याचा क्रम पाळावाच लागे.

अधिक सूक्ष्म रीत होती ती वलय-चाचणीची. तिचा पाया व्हीटस्टन सेतू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत्मंडलात होता, आणि मरे व व्हार्ली यांच्या नावाने तिचे दोन प्रकार रूढ झाले. जमिनीला लागलेली तार दुसऱ्या टोकाला चांगल्या तारेशी जोडून वलय करावयाचे आणि सेतूच्या दोन भुजांचा तोल साधून त्यांच्या गुणोत्तरावरून दोषाचे अंतर काढावयाचे. उदाहरणार्थ, ८० किलोमीटरच्या दोन सारख्या तारांचे वलय १६० किलोमीटरचे होते. सेतूचा तोल १ : ३ या प्रमाणात साधला, तर दोष परीक्षकापासून १६० च्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ४० किलोमीटरवर आहे असे निघते. जागचे न हलता चाळीस किलोमीटरवरील फुटका विलगक सांगता येणे ही एकोणिसाव्या शतकातील थोर बौद्धिक कामगिरी मानावी लागेल. तथापि हे ज्ञान आणि ही उपकरणे मोठ्या ठाण्यांवरच असत. शाखेच्या टोकाशी असलेल्या लहान तारघरातील माणसाला एवढेच कळे की यंत्र मुके झाले आहे.

कायद्यानेही हीच विभागणी पक्की केली. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य हक्क शासनाकडे ठेवला आणि तारेला हेतुपुरस्सर इजा करणे हा अपराध ठरविला. तार कर्मचाऱ्याच्या कर्तव्यच्युतीमुळे संदेश न पोचल्यास होणाऱ्या हानीची जबाबदारी शासनावर राहणार नाही, असे त्याच्या नवव्या कलमात नमूद होते. वापरणाऱ्याला तार पाठविण्याची मुभा मिळाली. ती का पोचली नाही हे तपासण्याचा अधिकार मिळाला नाही. पुढे १९९५ मध्ये भारतात सार्वजनिक इंटरनेट आले तेही याच अधिनियमाच्या छत्राखाली.

दूरध्वनी, उपग्रह आणि भारनियमन

दूरध्वनीच्या काळात निदानाची भाषा अधिकच आक्रसली. फोन ‘डेड’ आहे एवढेच ग्राहकाने सांगावयाचे, १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवावयाची आणि लाइनमनची वाट पाहावयाची. लाइनमन खांबावर चढून आपला चाचणी-फोन तारेला लावी आणि केंद्राचा सूर ऐकू येतो का ते पाही. पद्धत तारमास्तराचीच, जवळून दूर किंवा दुरून जवळ, टप्प्याटप्प्याने. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने धूळ व उष्णता सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले, हा मोठाच बदल होता. याउलट खेड्यांतील सार्वजनिक दूरध्वनीसाठी वापरलेली ‘मार’ ही रेडिओ यंत्रणा देशभर नादुरुस्तीसाठीच प्रसिद्ध झाली आणि अखेर ती बदलावी लागली.

शासकीय संगणकजाळ्याची सुरुवातही मध्यवर्ती होती. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या आधारे ‘निकनेट’ उभारले आणि जिल्हा मुख्यालये जोडली. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येणे आणि त्याचे उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणे, असा हा प्रवास एक लाख ४४ हजार किलोमीटरचा होतो आणि त्याला प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. रस्त्याने पाच-साडेपाचशे किलोमीटरवर असलेल्या मुंबईचे उत्तर अर्ध्या सेकंदाने आले, तर ते आकाशातून आले आहे हे घड्याळ पाहूनच ओळखता येते. संपर्काची वेळ मोजणे हेही एक निदान आहे, ही कल्पना पुढे उपयोगी पडेल.

दरम्यान विदर्भातील ग्रामीण भागाला २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने ग्रासले होते. २००५ च्या प्रारंभी भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली खरी. पण वीज गेली की आधी घरचा मोडेम बंद होई, आणि केंद्रातील बॅटऱ्या उतरल्या की पलीकडची यंत्रणाही. त्या काळात ‘नेट नाही’ या तक्रारीचे निदान अनेकदा दिव्याच्या बटनापाशीच होत असे.

‘पिंग’चा जन्म

अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी-आयपी ही संदेशव्यवस्था स्वीकारली. या व्यवस्थेत दोषांचे वर्तमान कळविण्यासाठी आयसीएमपी नावाचा एक उपनियम १९८१ मध्येच ठरला होता. त्यात ‘प्रतिध्वनी-विनंती’ आणि ‘प्रतिध्वनी-उत्तर’ अशी तरतूद होती. एका यंत्राने हाक द्यावी आणि दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत करावी. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत जाळ्याचे वर्तन विचित्र होऊ लागले तेव्हा माइक म्यूस या संगणकतज्ज्ञाने एका रात्रीत या तरतुदीवर आधारित आज्ञावली लिहिली आणि पाणबुडीच्या ध्वनिवेधातील आवाजावरून तिला ‘पिंग’ हे नाव दिले. गंमत अशी की ही आज्ञावली पहिली हाक देण्यास सिद्ध होण्यापूर्वीच मूळचा बिघाड सहकाऱ्यांनी शोधून दुरुस्त केला होता.

म्यूस यांनी सांगितलेली एक आठवण येथे नोंदविण्यासारखी आहे. एका जाळे-व्यवस्थापकाच्या इमारतीत अधूनमधून संपर्क तुटत असे. त्याने पिंगचे प्रत्येक उत्तर ध्वनिवर्धकावरून मोठ्याने उच्चारले जाईल अशी योजना केली आणि इमारतभर फिरत एकेक जोडबिंदू हालवून पाहिला. ज्या जोडबिंदूला हात लावताच आवाज थांबला, तेथे दोष सापडला. खांबावर चढून सूर ऐकणाऱ्या लाइनमनपासून ही रीत फार दूर नाही. अर्थात तारायंत्राच्या चाचण्या आणि पिंग यांच्यात थेट वंशपरंपरा आहे असा दावा येथे अभिप्रेत नाही. लांबवरच्या अदृश्य साखळीतील तुटलेली कडी शोधावयाची, हा प्रश्नच असा आहे की त्याचे उत्तर शोधणारे त्याच वाटेने जातात.

पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसराउट’ ही आज्ञावली लिहिली. प्रत्येक संदेशाला किती टप्पे ओलांडता येतील याची मर्यादा असते. मर्यादा संपली की त्या टप्प्यावरील यंत्र ‘संदेश येथे संपला’ असे मूळ यंत्राला कळविते. जेकबसन यांनी ही मर्यादा मुद्दाम एक, दोन, तीन अशी वाढवीत नेली. परिणामी वाटेतील बहुतेक ठाणी आपापले नाव आपणहून सांगू लागली. मधल्या ठाण्यांना क्रमाने तार जमिनीला जोडावयास सांगणाऱ्या तारमास्तराला ही युक्ती पाहून समाधान वाटले असते.

लिनक्स संगणक काय सांगतो

लिनुस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली. १९९२ मध्ये ती खुल्या परवान्याखाली आली आणि त्याच वर्षी तिला जाळ्याशी जोडणारा भाग रॉस बिरो यांनी लिहिण्यास आरंभ केला. फ्रेड व्हॅन केम्पेन आणि ॲलन कॉक्स यांनी तो पुढे नेला, आणि मार्च १९९४ च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत जाळे हे प्रणालीचे अविभाज्य अंग झाले. भारतात इंटरनेट दुर्मीळ असताना लिनक्सचा प्रसार बराचसा नियतकालिकांसोबत येणाऱ्या सीडींमधून झाला. १९९६ च्या सुमारास ‘पीसीक्वेस्ट’ने दिलेली सीडी हे त्याचे ठळक उदाहरण. जाळ्याची ही प्रणाली लहान गावांत टपालाने पोचली, यातील विसंगती लक्षणीय आहे.

त्या काळी लिनक्स वापरणाऱ्याचा पहिला बिघाड म्हणजे मोडेमच न ओळखले जाणे. स्वस्त अंतर्गत मोडेमांचे निम्मे काम विंडोजमधील आज्ञावली करीत असे आणि तिचा तपशील उत्पादक देत नसत. पुढे बिनतारी संचांबाबतही हेच घडले. ब्रॉडकॉम कंपनीने आपल्या काही संचांसाठी खुली चालक-आज्ञावली दिली ती २०१० मध्ये. अशा वेळी निदान अचूक होई, पण इलाज हाती नसे.

संपर्क तुटल्यावर लिनक्स संगणकाला क्रमाने प्रश्न विचारता येतात, आणि त्याची उत्तरे नेमकी असतात. ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिल्यावर ‘नो कॅरियर’ असे उत्तर आले तर केबलमधून पलीकडचा संकेतच येत नाही, असा त्याचा अर्थ. येथे संगणकतज्ज्ञ नको. केबल पुन्हा घट्ट बसवून पाहावी, तिची मोडलेली प्लॅस्टिकची खीळ तपासावी, पलीकडच्या स्विचचा दिवा लागतो का ते पाहावे. तालुक्याच्या ठिकाणच्या कार्यालयात खुर्ची सरकवताना केबल ओढली जाणे हा प्रकार अपवादात्मक म्हणता येणार नाही. संकेत येतो पण ‘आयपी ॲड्रेस’ या आज्ञेला पत्ता दिसत नाही, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता दिसतो, तर पत्ते वाटणारे यंत्र उत्तर देत नाही असे समजावे. पत्ता आहे पण ‘आयपी राउट’ मध्ये ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ नाही, तर संगणकाला गावाबाहेर जाणारी वेस कोणती हेच माहीत नाही. जुन्या पुस्तकांतील ‘आयएफकॉन्फिग’ आणि ‘राउट’ या आज्ञांची जागा आता याच आज्ञांनी घेतली आहे.

यानंतर पिंग. आधी १२७.०.०.१ या पत्त्याला, म्हणजे स्वतःलाच हाक द्यावयाची. या पत्त्याला ‘लूपबॅक’ म्हणतात. मग वेशीवरच्या राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१ अशा पत्त्यावर. मग ८.८.८.८ सारख्या दूरच्या सर्वज्ञात पत्त्याला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला त्याच्या नावाने. न आलेल्या उत्तरांचेही प्रकार आहेत, आणि ते वाचता येणे हेच या विद्येचे मर्म होय. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ हे वाक्य आपलाच संगणक बोलतो. त्याला वाटच ठाऊक नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे आपल्याच पत्त्यावरून आले तर वाट ठाऊक आहे, पण शेजारचे यंत्र हाकेला ओ देत नाही. कोणताही संदेश न येता केवळ शांतता पसरली आणि शेवटी ‘हंड्रेड पर्सेंट पॅकेट लॉस’ दिसले, तर हाक बाहेर गेली आणि पुढे कोठेतरी हरवली. आणि अंकांच्या पत्त्याला उत्तर येते, नावाला मात्र ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असे येते, तर रस्ता शाबूत असून नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस व्यवस्था तेवढी बंद आहे. खिडकीवरचे ‘सर्व्हर डाउन’ या चारही अवस्थांना एकच नाव देते.

शांततेचा अर्थ लावताना मात्र सावधगिरी हवी. अनेक कार्यालयांच्या सुरक्षाभिंती पिंगच्या हाका मुद्दाम गिळून टाकतात. तेव्हा उत्तर न येणे म्हणजे यंत्र मृत असणे नव्हे. काही दोष याहून फसवे असतात. दूरध्वनीच्या तारेवरील ब्रॉडबँडमध्ये प्रचलित असलेल्या पीपीपीओई पद्धतीत संदेशाच्या एका पुडक्याचा कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ बाइट असतो. हा आठ बाइटांचा फरक वाटेतील यंत्रांना नीट कळला नाही, तर पिंगला उत्तर येते, लहान पाने उघडतात, आणि मोठी पाने अर्ध्यावर अडकतात. जाळे चालू आहे असेही म्हणता येत नाही आणि बंद आहे असेही.

न्यायालयातील उबुंटू

लिनक्स हा हौशी मंडळींचा छंद, अशी समजूत दीर्घकाळ होती. महाराष्ट्रात २००१ पासून लाखो लोकांनी केलेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम विंडोज व ऑफिस यांभोवतीच रचलेला होता. परंतु जिल्हा पातळीवरील एका महत्त्वाच्या यंत्रणेने वेगळी वाट धरली. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या मार्गदर्शनाखाली २००७ पासून राबविल्या गेलेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सची खास आवृत्ती तयार करण्यात आली, न्यायिक अधिकारी व कर्मचाऱ्यांना तिचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि खटल्यांच्या नोंदीची ‘सीआयएस’ ही आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने खुल्या साधनांवर विकसित केली. वाशीमची न्यायालयेही याच व्यवस्थेत आली. ‘विंडोज’वर हात बसलेल्या लिपिकाला येथे प्रथमच वेगळ्या प्रणालीशी रोज व्यवहार करावा लागला.

सीआयएसच्या आरंभीच्या रचनेत प्रत्येक न्यायालय संकुलात स्वतःचा सर्व्हर होता. खटल्याची तारीख, आदेश, पुढील कामकाज यांची नोंद आधी तेथे होई आणि जोडणी असेल तेव्हा ती राष्ट्रीय न्यायिक माहितीसाठ्याकडे जाई. बाहेरची वाहिनी तुटली तरी आतले कामकाज थांबत नसे. संपर्क तुटणार हे गृहीत धरून आखलेली ही रचना होती. संपूर्णपणे दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या इतर सेवांशी तिची तुलना केल्यास, वाशीमसारख्या जिल्ह्याला कोणती रचना मानवते याचे उत्तर फारसे अवघड नाही. मध्यवर्ती रचना स्वस्त व सुरक्षित असते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण तिची किंमत जोडणीच्या शेवटच्या टोकाला मोजावी लागते, आणि ती हिशेबात क्वचितच धरली जाते.

निदानाच्या अधिकाराचा प्रश्न येथे एका तांत्रिक तपशिलात स्पष्ट दिसतो. पिंगची हाक ज्या प्रकारच्या कच्च्या मार्गाने पाठविली जाते तो उघडण्याची मुभा युनिक्स परंपरेत केवळ ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यास असते. तरीही पिंग कोणालाही चालविता येत असे, कारण त्या एका आज्ञावलीला सर्वाधिकाऱ्याचा अधिकार तेवढ्यापुरता उसना देऊन ठेवलेला असे. २०११ मध्ये लिनक्सच्या ३.० आवृत्तीने सामान्य वापरकर्त्यासाठी हाकेचा वेगळा मार्ग निर्माण केला आणि या उसनवारीची गरजच संपविण्याची सोय केली. लिपिकाला आज पासवर्ड न विचारता पिंग करता येते, मार्गांची यादी वाचता येते, पत्ता पाहता येतो. मार्ग बदलावयाचा असेल तर मात्र सर्वाधिकाऱ्याचा अधिकार लागतो. १८८५ च्या अधिनियमाशी तुलना केल्यास पाहण्याचा अधिकार मिळाला आहे, बदलण्याचा राखीव आहे.

पाहण्याच्या अधिकारालाही भाषेची अडचण आहे. उबुंटूत मराठी मेनू निवडता येतो, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध केले. पण वर उल्लेखिलेले दोषसंदेश पडद्यावर बहुधा इंग्रजीतच उमटतात. ‘अनरीचेबल’ आणि ‘लॉस’ यांतील फरक ज्याला शिकविलेला नाही त्याच्यासाठी दोन्हींचा अर्थ ‘बंद’ असाच होतो.

हा फरक तक्रारीच्या कागदावर सर्वांत ठळकपणे जाणवतो. ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार गेली तर सेवा पुरविणारा आधी ग्राहकाच्या संगणकाकडे बोट दाखवितो, संगणक पाहणारा केबलकडे आणि केबल टाकणारा रस्त्याच्या कंत्राटदाराकडे. परंतु ‘सकाळी ११ वाजता स्थानिक राउटरचे उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत आले, दूरच्या एकाही पत्त्याचे उत्तर आले नाही, ट्रेसराउट दुसऱ्या टप्प्यावर थांबले, हेच दुपारी एक व तीन वाजता पुन्हा आढळले’ असे लिहिलेली तक्रार दोष राउटरच्या पलीकडे असल्याचे सांगते. मग वाहिनी सांभाळणाऱ्यांना आपले प्रकाशस्पंद-मापक आणावे लागते. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. स्पंद परत यायला ०.४ मिलिसेकंद लागले, तर तंतू ४० किलोमीटरवर तुटला आहे. वलय-चाचणीच्या उदाहरणातील दोषही नेमका तेवढ्याच अंतरावर होता.